काय नाई भेटलं?

मोनालीनं नुसतं 'फा' टाइप केलं होतं. पुढचं त्या डबड्यानं आपल्याच मनानं लिहून दाखवलं. फारकती.

चटका बसावा तसा तिनं हात मागे घेतला. मेलं हे काय! हा शब्द तिनं आजवर कोणापुढे तोंडातून काढला नव्हता. आईपुढे नाही, मैत्रिणीपुढे नाही. आणि घाटंजीच्या कॉलेजातल्या लायब्ररीचा हा जुनाट कॉम्प्युटर तिला तो वाचून दाखवत होता, तिची वाट पाहतच बसला असावा तसा.

तिनं हळूच मागे पाहिलं. दुपारची सामसूम होती. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी तिची नणंद संगीताताई 'वधू-वर' वाचत बसली होती, ती नेहमी तेच पान वाचे आणि फोटोंना नावं ठेवी. मागच्या दारात उकंडाकाका, लायब्ररीचे शिपाई, तळहातावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. काचेच्या खोलीत नसरीन मॅडम फोनवर बोलत होत्या. तिघांपैकी कोणीच तिच्याकडे पाहत नव्हतं. मोनालीला वाटलं, मुद्दामच पाहत नाहीत.

तरी तिनं माउस त्या शब्दावर नेऊन बोट दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, 'काहीही आढळले नाही.' तिनं सापडेल ते बटण दाबून सगळं बंद केलं आणि ओढणीनं कपाळ पुसलं.

आता कोणी म्हणेल, एवढी काय भानगड, मोबाइलवर पाहायचं होतं. पाहिलं असतं हो! पण नवऱ्याचं, राजदीपचं, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बायकोचा फोन तो रोज संध्याकाळी हातात घ्यायचा, पुसलेलंसुद्धा बाहेर काढायचा, आणि वर म्हणायचा, "आपल्यात लपवाछपवी कायले पायजे?" दूधवाल्याशी दोन शब्द जास्त झाले तरी त्याचं टाळकं सरकायचं. मागच्या दिवाळीपासून हातही उचलू लागला होता. बोरी अरबला बापाच्या कानावर तिनं एकदा घालून पाहिलं. बाप म्हणाला, "सांभाळून घे बाई." तेव्हापासून तिनं माहेरी सांगणं सोडलं.

तिला फार काही नको होतं. कोर्टात जायचं कसं, नवरा 'नाही' म्हणाला तर काय, आणि तोवर बाईनं राहायचं कुठं, एवढं कुठल्यातरी पुस्तकात वाचायचं होतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. ही गोष्ट घरी कळली तर कॉलेज बंद, फोन बंद आणि दाराला बाहेरून कडी. मग कसली परीक्षा आणि कसली सुटका.

घरी कळायला वेळही लागणार नव्हता, कारण सासूनं, रुखमाबाईंनी, तिला कॉलेजात पाठवलं होतं तेच मुळी एका अटीवर. संगीताचंही लग्नाआधी शिक्षण अर्धवट राहिलं होतं, ती पुरं करते म्हणाली. "मंग कॉलेजात दोघी जोडीनंच राहा," रुखमाबाई म्हणाल्या. मोनालीला त्याचा अर्थ बरोबर कळला. पहारेकरी सोबत दिला होता. संगीताच्या पोटात काही राहत नसे. प्रोफेसरीणबाईंनी डब्यात कोणती भाजी आणली, हेसुद्धा ती संध्याकाळी माहेरी येऊन आईला सांगे, मग पलीकडच्या गल्लीत आपल्या घरी जाई. तिचा नवरा संघदीप कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यापाशी कामाला. रोज सकाळी तिला गाडीवर कॉलेजच्या गेटपर्यंत सोडायचा, दुपारी न्यायला हजर. बाया म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मोनालीलाही तसंच वाटायचं आणि जीव जळायचा.

त्या दिवशी घरी जाताना तिनं एकेकाचा हिशेब मांडला. उकंडाकाका राजदीपच्या दुकानासमोर रोज उभे राहायचे, दोघांचा खर्रा एकाच पुडीतला. ते टेबलं पुसता पुसता पडदे वाचत असतील. आणि त्या नसरीन मॅडम? त्यांच्यावर तर तिचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. यवतमाळहून बदलून आल्या आणि लागल्या पोरांच्या गळ्यात पडायला. पोरांनो काय पाहिजे, पोरींनो काय अडतं. एवढी गोड माणसं उगाच गोड नसतात, असं मोनालीला आजवरच्या आयुष्यानं शिकवलं होतं.

या मॅडमनी आल्या आल्या एक विद्यार्थी मंडळ काढलं होतं. लायब्ररी कशी चालवायची ते म्हणे पोरांनी सांगायचं. आणि दाराबाहेर एक जुना फळा टांगून त्याच्या कपाळावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'काय शोधलं आन् काय नाई भेटलं?' खाली खडू ठेवलेला. ज्याला जे सापडलं नाही ते त्यानं लिहायचं, नाव नको. स्टाफरूममध्ये नाकं मुरडली गेली. फळ्यावर अशी भाषा लिहितात का! पोट्टे मात्र खूश. कोणी लिहिलं 'पऱ्हाटीवरचा लाल्या रोग', कोणी 'धुऱ्याचं भांडण', झरी जामणीकडच्या जमनीनं लिहिलं 'जंगलातला डिंक'. एकानं लिहिलं 'उद्याचा पेपर' आणि तिथं सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी दोघी लायब्ररीच्या पायऱ्या चढल्या आणि मोनाली फळ्यापुढे थांबली. 'जंगलातला डिंक'च्या खाली, ठसठशीत अक्षरात, फारकती.

"काय बे, कोनाले पायजे फारकती?" मंडळातला मुजफ्फर मागून ओरडला. "अबे, आधी लगन तं होऊ दे!"

पोट्टे खिदळले. संगीता हसली नाही. ती फळ्याकडे पाहत होती आणि मग तिनं मोनालीकडे पाहिलं. सरळ डोळ्यात.

"पाह्यलं का वं मोना, काय लिवलं हाय कोनी तं?"

"असन कोनाचं तरी," मोनाली म्हणाली. "आपल्याले काय करायचं, ताई?"

"होय न. आपल्याले काय करायचं." एवढं बोलून संगीता आत गेली आणि वर्तमानपत्र उघडून बसली.

मोनालीला दिवसभर वर्गातलं काही ऐकू आलं नाही. काल दुपारी आपण शब्द दाबला आणि आज सकाळी तो फळ्यावर! याला काय योगायोग म्हणायचं? कोणीतरी पाहिलं होतं, आणि पाहून गप्प न बसता, तिला दाखवायला म्हणून भिंतीवर टांगलं होतं. संध्याकाळी संगीता आईकडे आली, चहा प्याली, गुडघेदुखीची चौकशी केली, आणि फळ्याबद्दल अवाक्षर न काढता निघून गेली. यानं तर मोनाली पुरती घाबरली. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती बाई गप्प बसली होती. आता ही नक्की कशासाठी थांबली? राजदीपला एकट्याला गाठून सांगणार?

दुसऱ्या दिवशी तास चालू असताना ती पाण्याचं निमित्त करून बाहेर पडली. व्हरांड्यात कोणी नव्हतं. तिनं ओढणीचं टोक घेतलं आणि तो शब्द असा खसाखसा पुसला की फळ्यावर नुसता पांढरा ढग राहिला. वर्गात परत आल्यावर तिला कितीतरी हलकं वाटलं. असं हलकं तिला कितीक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सुट्टीनंतर ती परत गेली तर शब्द होता तिथंच होता. आधीपेक्षा मोठा. लिहिणाऱ्यानं एवढा जोर लावला होता की खडूचा चुरा खाली सांडला होता.

आता मात्र तिची खात्री पटली. हा कोणी विद्यार्थी नव्हे, कोणीतरी आपल्याशी खेळतंय.

"मोनाली, जरा ये ना आत." काचेच्या खोलीच्या दारातून नसरीन मॅडम बोलावत होत्या.

आत गेल्यावर मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मोनालीनं पाण्याला हात लावला नाही.

"मंडळात ये, बेटा. मुली कमी आहेत मंडळात."

"मीच काहून?"

"तू रोज येतेस, पुस्तकाविना परत जातेस. अशीच माणसं मला हवीत. ज्यांना सापडतं ती काय सांगणार?" मग त्यांची नजर खाली गेली. "ओढणीला खडू लागलाय तुझ्या."

मोनालीनं ओढणी मुठीत गोळा केली. आपण सापडलो, असं तिला वाटलं. पण मॅडम दुसरंच बोलू लागल्या.

"हे बघ, कॉम्प्युटरमधली पुस्तकांची यादी विद्यापीठातून आली आहे. तिला तिचेच शब्द कळतात. तू बाजारात जाऊन कोथिंबीर दे म्हणालीस तर भाजीवाली काय म्हणेल?"

"म्हनन, सांबार म्हन."

"बस. टोपलीभर सांबार समोर असतो आणि पुण्याहून आलेला माणूस कोथिंबीर नाही म्हणून परत जातो. आपल्या लायब्ररीत उलटं झालंय. पोरं पऱ्हाटी टाकतात, यादी म्हणते नाही. कापूस टाकलं की पुस्तकांनी कपाट भरलेलं. पोरांना वाटतं, लायब्ररीत काहीच नाही. म्हणून हा फळा. तुमचे शब्द घ्यायचे आणि यादीला शिकवायचे. विद्यापीठानं परवानगी दिली आहे."

मोनाली ऐकत होती, पण तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. तिनं विचारूनच टाकलं, "मॅडम, त्या कॉम्प्युटरवर आपन काही लिवलं तं तुमाले दिसते का? कोनी लिवलं ते?"

"कोणी ते नाही दिसत. मीच तसं ठेवू दिलं नाही. टाकलेला शब्द मात्र राहतो. पुढच्या माणसानं पहिलं अक्षर टाकलं की तो आपोआप खाली येतो."

"मंजे जो शब्द आपोआप आला, तो आधी कोनीतरी टाकेल असते?"

"असणारच. त्याशिवाय येईल कुठून?"

मोनाली बाहेर आली ती चक्रावून. मॅडम खोटं बोलत असतील, हे तर होतंच. पण खरं बोलत असतील तर? तर तिच्याआधी कोणीतरी त्या खुर्चीत बसलं होतं आणि तोच शब्द पूर्ण टाकला होता. तिच्या आधी! मग फळ्यावरही त्याच माणसानं लिहिलं असेल. आणि तिनं पुसल्यावर त्यानंच परत लिहिलं. कोण असेल? जमनी? ती बी.एस्सी.ची उंच पोरगी, जी कोणाशी बोलत नाही? मोनाली वाचनकक्षातल्या एकेका पोरीकडे पाहत राहिली, आणि प्रत्येकीच्या तोंडावर तिला तो शब्द दिसू लागला. संगीतावरून मात्र तिची नजर तशीच पुढे सरकली. जिला गाडीवर बसवून आणतात, गाडीवर बसवून नेतात, तिला कशाला हवी फारकती?

त्या संध्याकाळी राजदीप जेवायला बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाला, "काय वं, तुमच्या कॉलेजात फारकतीचे बोर्ड लागून राह्यले म्हंते?"

उकंडाकाका! मोनालीनं मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहिली. भाकर थापणारे हात तिनं थांबू दिले नाहीत.

"कोनीतरी गंमत केली असन."

"गंमत? असल्या गमती करतात का कॉलेजात?" त्यानं ताट पुढे सरकवलं. "कोनाची आयडिया व्हय हे, पाहतोच मी. उद्या मंडळाची सभा हाय म्हंते न? येतो मी. आन् मले काही वंगाळ दिसलं, तं पर्वापासून तुहं जानं बंद."

रुखमाबाईंनी मान डोलावली. संगीता दाराशी चपला घालत होती. ती म्हणाली, "मी हाओ न तिच्यासंग. तू कायले दुकान बंद करून येतं?"

"तू बी पाह्य न मंग, ताई. ध्यान ठेव तिच्यावर."

"ठेवून राह्यली," संगीता म्हणाली. मोनालीला ते चांगलंच झोंबलं.

सभा वाचनकक्षातच होती. टेबलं बाजूला सारून बाकं लावली होती आणि फळा आत आणून ठेवला होता. मोनाली आणि संगीता दुसऱ्या बाकावर शेजारी बसल्या. राजदीप दारात येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, आणि त्याच्या शेजारी उकंडाकाका. मोनालीच्या पाठीला ती नजर जाणवत होती, पोळल्यासारखी.

काम सुरू झालं तेव्हा मात्र मजा आली, खोटं कशाला बोला. मॅडम एकेक शब्द वाचत, तो यादीत कोणत्या नावानं लपला आहे ते सांगत, आणि ढकलगाडीवरून ती पुस्तकंच काढून दाखवत. 'धुऱ्याचं भांडण' म्हणजे 'शेतजमीन : सीमाविवाद' निघालं तेव्हा पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. 'ढोरं' म्हणजे 'पशुधन'! जमनीच्या डिंकाला तर 'गौण वनोपज' म्हणत होते. जमनी म्हणाली, "गौन कायचं? आमी त्यावरच जगतो." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नियम पोरांनीच ठरवला होता, मुजफ्फरनं मांडला होता. फळ्यावर टवाळक्याही येतात, म्हणून ज्या शब्दासाठी एक तरी हात वर होईल तो यादीला जोडायचा. एकही हात वर नाही, तर पुसायचा. 'उद्याचा पेपर' असाच पुसला गेला, हशात.

मग मॅडम त्या शब्दाशी आल्या.

"हा यादीत 'विवाहविच्छेद' नावानं आहे. पुस्तकं चांगली आहेत, कायदा सोप्या भाषेत सांगणारी. या शब्दाला हात नकोत, हा मीच जोडते."

"नियम मंजे नियम, मॅडम," मागून कोणीतरी ओरडलं. "हात दाखवा न, कोनाले पायजे ते!"

हसू पसरलं. मॅडमचा चेहरा उतरला. नियम तोडला तर पोरं पुढच्या वेळी येणार नाहीत, आणि पाळला तर काय होईल ते त्यांना दिसत होतं. "ठीक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी आहे का?"

मोनालीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एक हात वर केला की झालं, शब्द जोडला जाणार. आणि तोच हात दारातला माणूस पाहणार. आपण इतक्या कशा भेकड, असं तिला वाटलं, आणि तरी हात मांडीखालून निघेना. मुजफ्फरनं फळ्याजवळचं फडकं उचललं.

तिच्या शेजारी एक हात वर गेला.

मोनालीला आधी कळलंच नाही. बांगड्या ओळखीच्या होत्या. संगीताताईचा हात होता.

"माहा शब्द हाय तो," संगीता म्हणाली. आवाज अजिबात मोठा नव्हता. "मीच लिवला. एकडाव कोनीतरी पुसला, मंग डबल लिवला."

एकच कल्ला झाला. कोणी वळून पाहत होतं, कोणी शेजाऱ्याला ढोसत होतं. मोनालीचा हात मांडीखालून आपोआप निघाला, वर जाऊ लागला, आणि बाकाखाली संगीतानं तो मनगटाशी घट्ट पकडला.

"खाली ठेव," ती ओठ न हलवता म्हणाली. "दोघींचं बंद झालं तं पुस्तक कोन आननार?"

"ताई, तुमाले..."

"तुह्या ओढनीले खडू पाह्यला तवाच समजली मी. ज्याले घेनंदेनं नसते तो हासून पुढं जाते वं, पुसत नाई. चूप बस आता."

राजदीप बाकांमधून वाट काढत आला. त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "ताई! डोकं फिरलं का तुहं? काय कमी हाय तुले तिथं? गाडीवर बसवून आनते तो मानूस!"

"गाडीवर आनते, गाडीवर नेते. गेटाबाहेर पाय ठेवू देत नाई. लोकाले वाटते जीव लावते." संगीता उभी राहिली. "बाहीखाली काय हाय ते दाखवू का तुले, इथं सगळ्यापुढं?"

मग अशा माणसाचं होतं तसं झालं, त्याची नजर बायकोवर वळली. "आन् तू? तुले मालूम होतं हे?"

मोनालीनं तोंड उघडलं, पण संगीताच बोलली. "तिले कायचं मालूम! हिनंच तं पुसला माहा शब्द. वंगाळ वाटला तिले. विचार उकंडाकाकाले."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. उकंडाकाकांनी खर्रा गालात सरकवला. "खरं हाय. याच बाईनं पुसला, ओढनीनं. मी सोता पाह्यलं."

राजदीपचा चेहरा सैलावला. कितीतरी दिवसांनी तो बायकोकडे पाहून मान हलवत होता. "शाबास," तो म्हणाला.

त्या 'शाबास'नं मोनालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस जिला ती पहारेकरी समजत होती, तिनं मदतीला म्हणून हाक मारली होती, आणि मोनालीनं ती ओढणीनं पुसली होती. आता तेच पुसणं तिच्या कामी येत होतं, आणि ते वापरत होती संगीता. राजदीप बहिणीला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. मॅडम मध्ये पडल्या, "तिला बोलू द्या, असं नेऊ नका," म्हणाल्या, पण संगीताच वळून म्हणाली, "राहू द्या मॅडम. तुमी तो शब्द जोडा." मुजफ्फरनं फडकं खाली ठेवलं.

व्हायचं ते झालं. संघदीपनं बायकोचं कॉलेज बंद केलं. फोन काढून घेतला. रुखमाबाई रडल्या, मग लेकीला नाही नाही ते बोलल्या, मग पुन्हा रडल्या. आणि मोनालीचं काय झालं? तिची घरात इज्जत वाढली! राजदीपनं दोन दिवस तिचा फोनही मागितला नाही. "एकटी जाय कॉलेजले, काही नाई होत," तो म्हणाला. आणि बाजाराच्या दिवशी रुखमाबाईच म्हणाल्या, "वापस येतावक्ती संगीताच्या घरी जाऊन ये वं. तू समजदार हायेस. समजाव तिले जरा. आमचं आयकत नाई थे."

मोनाली आधी लायब्ररीत गेली. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर 'फा' टाकलं. शब्द खाली आला. तिनं बोट दाबलं. या वेळी पडदा रिकामा राहिला नाही, कपाटाच्या नंबरासकट पुस्तकं एकाखाली एक आली. तिनं त्यातलं एक काढलं आणि काउंटरवर नेलं. मॅडमनी पुस्तक पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"इथंच बसून वाचलंस तरी चालेल, बेटा. कार्डावर नको घेऊस."

"घरी न्यायचं हाय मॅडम. माह्याच कार्डावर टाका."

शिक्का उकंडाकाकांनी मारला. त्यांनी पुस्तकाचं नाव वाचलं, सावकाश, अक्षर अक्षर. काकांनी पुस्तक लगेच दिलं नाही. टेबलाखालून एक जुनं वर्तमानपत्र काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"कव्हर लाव याले," ते म्हणाले. "बजारात खराब होते."

हा माणूस दुकानासमोर उभा राहून काय बोलेल, ते तिला त्यांच्या तोंडाकडे पाहून काही कळेना. तिनं कव्हर लावलं आणि निघाली. बाजारात तिनं सांबाराची मोठी जुडी घेतली, पुस्तक पिशवीच्या तळाला घातलं आणि वरून जुडी पसरवली.

संघदीप ओसरीवर बाजेवर बसला होता. तिला पाहून त्यानं वाटेतले पाय काढले नाहीत. "कोनं पाठवलं?"

"आईनं पाठवलं. ताईले समजवाले."

"समजव," तो म्हणाला, पण उठला आणि दारापर्यंत मागे आला. आतून संगीता बाहेर आली. चेहरा सुजलेला होता, केस नीट बांधलेले होते. ती मोनालीकडे पाहत राहिली, मग पिशवीकडे.

"भेटलं?" तिनं विचारलं.

"भेटलं," मोनाली म्हणाली.

"काय भेटलं?" मागून संघदीपनं विचारलं.

संगीतानं पिशवी हातात घेतली. तळाचं वजन तिला कळलं असावं, तिनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"सांबार," ती म्हणाली. "किती दिवसाची शोधून राह्यलती मी."